पाच वर्षांच्या मुलाचा मुतखडा आणि विल्यम वुलस्टन

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मुतखडा हा म्हातारपणाचा आजार नव्हता. तो मुलांचाही आजार होता, आणि गरिबांच्या मुलांचा तर विशेषच. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळातील विख्यात शल्यविशारद विल्यम चेझल्डन यांनी आपल्या शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला होता. त्यात २१३ रुग्णांपैकी तब्बल १०५ रुग्ण दहा वर्षांखालील होते. भूल देण्याचे तंत्र अजून शंभर वर्षे दूर होते. मुलाला टेबलावर बांधायचे, चार दणकट माणसांनी धरून ठेवायचे आणि शल्यविशारदाने जमेल तितक्या कमी वेळात मूत्राशयातला खडा ओढून काढायचा, अशी ती रीत होती. चेझल्डन यांच्या हाताखालून गेलेल्या त्या १०५ मुलांपैकी फक्त तीन दगावली. त्या काळाच्या मानाने हे यश अद्भुत म्हणावे असेच होते.

खडा बाहेर काढण्याची विद्या अशी पुढे गेली होती. पण खडा होतो कशाचा आणि का, या प्रश्नाला मात्र कोणाजवळ धड उत्तर नव्हते. हे उत्तर शोधण्याच्या वाटेवर पहिले भक्कम पाऊल ज्यांनी टाकले ते विल्यम हाइड वुलस्टन शल्यविशारद नव्हते. ते डॉक्टर होते, पण डॉक्टरकीत त्यांचे मन रमले नाही. पुढे पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या दोन धातूंचे संशोधक म्हणून त्यांचे नाव रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेले. मुतखड्यांवरील त्यांचे काम मात्र वैद्यकाच्या इतिहासकारांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

वुलस्टन यांचा जन्म ६ ऑगस्ट १७६६ रोजी नॉरफोक परगण्यातील ईस्ट डेरहॅम या गावी झाला. वडील फ्रान्सिस वुलस्टन हे धर्मोपदेशक, पण आकाशनिरीक्षणाचे व्यसन असलेले. घरात एकूण सतरा भावंडे. विल्यम लहान असतानाच कुटुंब लंडनजवळच्या चिझलहर्स्ट येथे राहावयास गेले आणि मुलाचे शिक्षण चार्टरहाउस शाळेत व नंतर केंब्रिजच्या कीझ महाविद्यालयात झाले. १७९३ साली त्यांनी एम. डी. पदवी घेतली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलोही झाले.

योगायोग असा, की ज्या नॉरफोकमध्ये ते जन्मले तो परगणा मुतखड्यांसाठी साऱ्या इंग्लंडात बदनाम होता. नॉर्विच शहरात १७७१-७२च्या सुमारास सुरू झालेल्या इस्पितळात खडे काढण्याच्या शस्त्रक्रियांची रीघ लागलेली असे आणि काढलेले खडे जपून ठेवण्याची तेथे पद्धत होती. त्या रुग्णांत मुलांची संख्या मोठी होती. याचे कारण आज बऱ्यापैकी कळते. जेथे मुलांचा आहार जवळजवळ केवळ धान्याचा असतो, दूध आणि प्राणिज प्रथिने नावापुरती असतात, त्यात अतिसाराने अंगातले पाणी वारंवार कमी होते, तेथे लघवीत फॉस्फेट घटते, अमोनिया व युरेट वाढतात आणि मूत्राशयात अमोनियम युरेटचे खडे धरतात. युरोपात आहार सुधारत गेला तसतसा मुलांच्या मूत्राशयातील खड्याचा हा रोग जवळपास नाहीसा झाला. भारताच्या वायव्य भागात तो विसाव्या शतकातही ठाण मांडून होता.

भारतीयांना तर हा आजार फार पूर्वीपासून परिचित होता. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील वात, पित्त व कफ यांपासून होणारे तीन प्रकार प्रामुख्याने मुलांमध्ये आढळतात, असे निरीक्षणही नोंदवले आहे. खडा काढण्याची शस्त्रक्रियाही तेथे आहे. खड्यांचे प्रकार पडतात, सगळे खडे एकाच मापाने मोजू नयेत, ही जाण त्या ग्रंथात आहे हे विशेष. युरोपीय रसायनशास्त्राला ती जाण यायला अठराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

तोपर्यंत तेथे काय समजूत होती? १७७६ साली स्वीडनच्या कार्ल शेले यांनी मूत्राशयातील खड्याचे पृथक्करण करून त्यातून एक नवे आम्ल वेगळे काढले. आज आपण त्याला युरिक आम्ल म्हणतो. शोध मोठाच होता. पण त्याची एक विपरीत परिणती झाली. मुतखडा म्हणजे युरिक आम्ल, असे समीकरण रूढ होऊन बसले. मग खडा विरघळवणारे औषधही सगळ्यांना एकच!

वुलस्टन यांनी हे समीकरण मोडले. हंटिंगडन आणि बरी सेंट एडमंड्स या गावांत काही काळ वैद्यकी केल्यावर १७९७ साली ते लंडनला आले आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा संधिवाताच्या गाठी आणि मुतखडे यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. हा त्यांचा पहिलाच शोधनिबंध. वयाच्या तिशीत लिहिलेला हा निबंध आजही वाचताना त्याच्या नेमकेपणाचे नवल वाटते.

त्यांची पद्धत साधी होती. खड्याचा मोहरीएवढा कण घ्यायचा. फुंकनळीच्या ज्योतीत तो तापवून पाहायचा. मग आम्लात टाकायचा, अल्कलीत टाकायचा, आणि काय होते ते बारकाईने बघायचे. काही पांढरे, चमकदार खडे ज्योतीत चक्क वितळून मण्यासारखे होत. ते मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट यांचे निघाले. काही खडे गडद रंगाचे, खडबडीत, तुतीच्या फळासारखे. ते जाळल्यावर मागे चुना राही. हे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे. काही गुळगुळीत, थरांचे, हाडातल्या द्रव्यासारखे. हे कॅल्शियम फॉस्फेटचे. प्रोस्टेट ग्रंथीतील खडेही त्यांनी तपासले. शिवाय गाउटच्या रुग्णांच्या सांध्यांवरील पांढऱ्या गाठींत युरिक आम्लाचा सोडियमशी झालेला क्षार असतो, हेही याच निबंधात दाखवले.

म्हणजे मुतखडा हा एक रोग नव्हे, अनेक रोगांची ती खूण आहे. आज मुलांच्या डॉक्टरांना हे इतके उघड वाटते, की ते कोणी तरी प्रथम म्हटले असेल याची आठवणही राहत नाही. ज्योतीत वितळणारा तो पांढरा खडा आता संसर्गाचा खडा म्हणून ओळखला जातो. विशिष्ट जंतू लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि हे क्षार भराभर साठत जातात. मूत्रमार्गात जन्मतः अडथळा असलेल्या लहान मुलांत हा धोका अधिक. तुतीसारखा खडा मात्र आजच्या शहरी मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या कॅल्शियम ऑक्झॅलेटचा. त्याचे मूळ कमी पाणी पिण्यात, खारट पदार्थांच्या अतिरेकात, लघवीवाटे जादा कॅल्शियम जाण्यात किंवा क्वचित यकृतातील जन्मजात दोषात असू शकते.

खडा धरतो तो पाकात साखरेचे खडे धरतात तसा. पाण्यात मावेल त्याहून अधिक क्षार झाला की तो कशाच्या तरी आधाराने स्फटिकरूप घेतो. एक बारीक कण पुरतो, मग त्यावर थर चढत जातात. लघवीत सायट्रेटसारखी हे रोखणारी द्रव्येही असतात. ती कमी असली की काम सोपे होते. वुलस्टन यांना यातले सायट्रेट ठाऊक नव्हते. पण कोणता क्षार साठला आहे हे आधी पाहा आणि मग उपाय ठरवा, ही दिशा त्यांचीच.

या कामाचे श्रेय मात्र त्यांना लवकर मिळाले नाही. फ्रान्समध्ये फूर्क्रवा आणि व्होक्लँ यांनी त्यानंतर शेकडो खड्यांची तपासणी करून मोठे विवेचन प्रसिद्ध केले आणि बराच काळ युरोपात त्यांचेच नाव घेतले गेले. वुलस्टन यांनी यावर जाहीर वाद घातला नाही. हा त्यांचा स्वभावच होता. मितभाषी, काटेकोर, एखादी गोष्ट पक्की झाल्याखेरीज तोंड न उघडणारे. परिचितांत त्यांना गमतीने पोप म्हणत, कारण त्यांचे मत सहसा चुकत नसे.

वैद्यकी त्यांना मानवली नाही. रुग्णांच्या व्यथेने ते इतके अस्वस्थ होत, की व्यवसाय हा त्यांना जाच वाटू लागला होता. त्यातच लंडनच्या एका इस्पितळातील जागा हातची गेली. नातेवाइकाकडून पैसा आला आणि १८०० साली त्यांनी वैद्यकी कायमची सोडली. चौतिसाव्या वर्षी स्थिर व्यवसाय सोडून रसायनशास्त्रावर पोट भरायचे, हा निर्णय त्या काळी धाडसाचाच होता.

पुढची कथा अधिक परिचित आहे. केंब्रिजचे मित्र स्मिथसन टेनंट यांच्याबरोबर भागीदारीत त्यांनी दक्षिण अमेरिकेतील न्यू ग्रॅनडाहून आलेले सुमारे सहा हजार औंस कच्चे प्लॅटिनम विकत घेतले. हा धातू तोवर घडवणे फार अवघड जाई. वुलस्टन यांनी त्याची भुकटी करून, दाबून, तापवून आणि ठोकून घडाऊ प्लॅटिनम तयार करण्याची रीत बसवली. बंदुकीच्या कानापासून सल्फ्युरिक आम्ल आटवण्याच्या भांड्यांपर्यंत त्याला गिऱ्हाईक मिळाले आणि वुलस्टन श्रीमंत झाले. रीत मात्र त्यांनी २८ वर्षे गुप्त ठेवली. विज्ञानाच्या क्षेत्रात इतकी दीर्घ गुप्तता त्यांच्या काही समकालीनांना रुचली नव्हती, आणि तो आक्षेप अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही.

याच प्लॅटिनमच्या उरल्यासुरल्या द्रावातून १८०२ साली पॅलॅडियम आणि १८०४ साली ऱ्होडियम निघाले. पॅलॅडियमची तर त्यांनी एक चमत्कारिक थट्टाच केली. शोधकाचे नाव न सांगता १८०३ मध्ये सोहोतील एका दुकानात तो धातू विक्रीला ठेवला. रिचर्ड शेनेव्हिक्स या रसायनशास्त्रज्ञाने हा नवा धातू नसून प्लॅटिनम आणि पारा यांचे मिश्रण आहे, असे घाईने जाहीर केले. वुलस्टन यांनी निनावीच २० पौंडांचे बक्षीस लावले : असे मिश्रण कोणी करून दाखवावे! कोणी दाखवू शकले नाही. १८०५ साली त्यांनी शोध आपला असल्याचे सांगितले. बिचाऱ्या शेनेव्हिक्स यांची मात्र पुरती फजिती झाली.

सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा त्यांनी १८०२ मध्येच पाहिल्या होत्या. १८०६ साली चित्रकारांच्या उपयोगाचे कॅमेरा ल्युसिडा हे उपकरण आणि १८०९ साली स्फटिकांचे कोन मोजण्याचे परावर्ती कोनमापक त्यांनी तयार केले. रॉयल सोसायटीचे सचिवपद त्यांनी १८०४ ते १८१६ अशी बारा वर्षे सांभाळले. १८२० साली सर जोसेफ बँक्स यांच्या निधनानंतर काही महिने ते सोसायटीचे अध्यक्षही झाले, आणि ते पद हंफ्री डेव्ही यांच्यासाठी मोकळे करून बाजूला झाले. फिट्झरॉय स्क्वेअरजवळच्या घरातील त्यांच्या प्रयोगशाळेत सहसा कोणाला प्रवेश नसे. एकदा एका परदेशी पाहुण्याने ती पाहण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी काही काचेच्या पट्ट्या, परीक्षणाचे कागद, छोटा तराजू आणि फुंकनळी एवढेच साहित्य असलेले एक तबक पुढे केले, अशी आख्यायिका आहे.

एवढ्या साऱ्या उद्योगात मुतखडे त्यांच्या टेबलावरून हलले नव्हते. नॉर्विचचे डॉक्टर रीव्ह यांनी त्यांच्याकडे एक खडा दिला. तो रीव्ह यांच्या भावाच्या मूत्राशयातून काढलेला होता आणि त्या वेळी भावाचे वय होते पाच वर्षे. खड्यावर फॉस्फेटचे सैलसे आवरण होते. त्याखालचा पदार्थ मात्र वुलस्टन यांनी १७९७ मध्ये वर्णन केलेल्या कोणत्याच प्रकारात बसेना. पिवळसर, अर्धपारदर्शक, आणि तापवल्यावर विचित्र दर्प देणारा. युरिक आम्ल अल्कलीत विरघळते. हा पदार्थ अल्कलीत विरघळत होताच, पण आम्लांतही विरघळत होता. दोन्हींशी जुळवून घेणारे असे काही त्यांनी लघवीत कधी पाहिले नव्हते. पुढे लंडनच्या गाय इस्पितळाच्या संग्रहात त्यांना असाच दुसरा खडा सापडला. तो ३६ वर्षांच्या माणसाचा होता.

केवळ दोन नमुने. पण वुलस्टन यांना तेवढे पुरले. १८१० साली त्यांनी या नव्या पदार्थाला सिस्टिक ऑक्साइड असे नाव देऊन तो जाहीर केला. आम्ल आणि अल्कली या दोहोंशी संयोग पावतो म्हणून ऑक्साइड, आणि मूत्राशयात मिळाला म्हणून सिस्टिक, कारण ग्रीक भाषेत मूत्राशयाला तसा शब्द आहे. यातील दोन्ही तर्क चुकीचे ठरले. पदार्थ ऑक्साइड नव्हता, आणि तो मूत्राशयात तयारही होत नव्हता. त्यांचे स्नेही डॉ. अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१७ सालच्या मुतखड्यांवरील ग्रंथात हा खडा मूत्रपिंडातही होतो आणि भावाभावांत आढळतो, हे दाखवले. १८३३ साली बर्झीलियस यांनी ऑक्साइड शब्द काढून टाकला आणि नाव केले सिस्टिन. त्यात गंधक आहे, हे त्यानंतर काही वर्षांनी कळले. वुलस्टन यांच्या हाती आलेला तो पदार्थ म्हणजे एक अमायनो आम्ल होते. प्रथिनांच्या घटकांपैकी इतक्या लवकर सापडलेले हे एक, आणि तेही कोणाच्या जेवणात किंवा मांसात नव्हे, तर एका मुलाच्या खड्यात. केस, नखे, शिंगे यांच्या प्रथिनांत ते भरपूर असते, हे १८९९ मध्ये शिंगातून सिस्टिन वेगळे केल्यावर ध्यानात आले.

वुलस्टन यांची अखेरची वर्षे कष्टाची गेली. तारुण्यात आणि पुन्हा उतारवयात त्यांना काही वेळ दृष्टीचा अर्धा भाग दिसेनासा होण्याचा अनुभव आला होता. दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचे दिसत नाही, हे त्यांनी स्वतःवरच नोंदले आणि त्यावरून दृष्टिचेतांचे तंतू अर्धे अर्धे एकमेकांना ओलांडतात, असा निष्कर्ष १८२४ सालच्या निबंधात मांडला. आपल्याच आजाराचे असे निर्विकार परीक्षण फार थोड्यांना जमले असेल. १८२८ च्या उत्तरार्धात डावा हात निकामी होत गेला. अंत जवळ आल्याचे त्यांनी ओळखले. प्लॅटिनमची गुप्त रीत त्यांनी घाईने लिहवून रॉयल सोसायटीला दिली. जिऑलॉजिकल सोसायटीला १००० पौंड आणि रॉयल सोसायटीला २००० पौंड दिले. जिऑलॉजिकल सोसायटीचे वुलस्टन पदक त्याच देणगीतून सुरू झाले.

शेवटी वाचा गेली. भोवतालच्या मंडळींना ते बेशुद्ध झाल्यासारखे वाटले, तेव्हा खुणेने कागद मागून त्यांनी आकड्यांची एक ओळ लिहिली, बेरीज केली आणि ती बरोबर होती. २२ डिसेंबर १८२८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात मेंदूत गाठ आढळली. चिझलहर्स्टच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. ते अविवाहित होते.

त्यांनी सुरू केलेली दोन सूत्रे एका इंग्रज घराण्याने पुढे नेली. गाउट आणि युरिक आम्ल यांचा रक्तातील संबंध आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्ये दाखवला. त्यांचे पुत्र आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०८ साली चयापचयाच्या जन्मजात दोषांची कल्पना मांडली, तेव्हा उदाहरण म्हणून घेतलेल्या चार विकारांत सिस्टिनचे खडे होणारा विकार, सिस्टिन्युरिया, हा एक होता. मूत्रपिंडाने गाळलेल्या लघवीतून सिस्टिन पुन्हा रक्तात उचलून घेणारी यंत्रणा या रुग्णांत बिघडलेली असते. ऑर्निथिन, लायसिन आणि आर्जिनिन ही आणखी तीन अमायनो आम्लेही याच वाटेने वाया जातात, पण ती पाण्यात सहज विरघळतात, म्हणून त्यांचा उपद्रव नाही. सिस्टिन फार थोडे विरघळते. सर्वसाधारण लघवीत लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅमच्या पुढे ते गेले की षटकोनी स्फटिक पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे षटकोन दिसले की निदान निश्चित होते.

या विकाराचे प्रमाण जगभरात सरासरी सात हजारांत एक असे मानले जाते. मोठ्यांच्या मुतखड्यांत सिस्टिनचे खडे शंभरात एखाददुसरे, मुलांत मात्र सहा ते आठ. आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील तर मुलाला विकार होऊ शकतो, आई-वडिलांना सहसा काहीच त्रास नसतो. एसएलसी३ए१ हे जनुक १९९४ साली आणि एसएलसी७ए९ हे १९९९ साली याला जबाबदार असल्याचे आढळले. मुलांच्या पोटात किंवा कुशीत वारंवार दुखणे, लघवीत रक्त, एकदा काढलेला खडा पुन्हा होणे, घरात आणखी कोणाला खडे असणे, अशा वेळी बाहेर पडलेला खडा फेकून न देता तपासणीसाठी द्यावा, असे तज्ज्ञ सांगतात. रात्रीही उठून पाणी प्यायला लावणे, पोटॅशियम सायट्रेटने लघवी अल्कधर्मी ठेवणे आणि गरज पडल्यास सिस्टिनची जोडी फोडणारी औषधे, ही आजची त्रिसूत्री आहे. औषधाचा डोस आणि पाण्याचे प्रमाण मुलाच्या वजनानुसार बालमूत्रपिंडतज्ज्ञच ठरवतात.

पाच वर्षांच्या त्या मुलावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा यातले काहीच हाताशी नव्हते. सिस्टिन हे नाव मात्र अजून तसेच आहे, मूत्राशयाचा संदर्भ मागे ठेवून, आणि केसांच्या प्रथिनांविषयी लिहिणारेही तेच वापरतात.